तपकिरी दोरा

अंगठ्याखाली बटण होतं. शर्टाचं वरून दुसरं, छातीच्या मधोमध येणारं. रांगेत उभं असताना हात मांडीला चिकटलेला हवा असा हुकूम होता, तरी त्याचा अंगठा हळूच वर तिथे पोचला होता, जीभ दुखऱ्या दातापाशी जाते तसा. चार भोकांचं, खाकी, सगळ्या छावणीत असतं तसलंच बटण. पण त्याच्यावरचा दोरा खाकी नव्हता, तपकिरी होता. टाके दोन सरळ रेघांत नव्हते, फुलीसारखे एकावर एक पडले होते. आणि बटणाच्या खाली, कापड नि बटण यांच्यामधे, दोऱ्याची एक बारीकशी मान होती, घट्ट वेढे दिलेली. त्या मानेवर ते बटण असं उभं राहायचं की काजातून घालताना कापडाला चुणी म्हणून पडत नसे. चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत बाकीच्यांची बटणं लोंबली, गळली, न्हाणीच्या फरशीवर टणाटण उड्या मारत मोरीत गेली... हे जागचं हललं नव्हतं.

"हे सैन्य आहे की गोधडी?" समोर कॅप्टन विचारत होता. कुणाच्या अंगावर पांढऱ्या दोऱ्याची बटणं, कुणाच्या अंगावर लाल, एकाने तर चक्क निळा दोरा लावलाय. उद्या सकाळी मोठे साहेब तपासणीला येणार आणि त्यांनी हे बघायचं? सगळी बटणं एका दोऱ्याने, एका टाक्याने लागलेली हवीत. आज संध्याकाळच्या आत. "मास्तर!"

मास्तर म्हणजे तो. शिंप्याला सगळीकडेच मास्तर म्हणतात, तसं इथेही. त्याने अंगठा खाली आणला आणि "जी साहेब" म्हटलं.

"चाळीसेक शर्ट निघतील. जमेल ना?"

"चाळीस शर्टांची दोनशे ऐंशी बटणं होतात, साहेब. आधी उसवायची, मग—"

"मग इथे उभा राहून पाढे काय म्हणतोयस?"

रांग हसली. हसणारच. साहेबाचा विनोद हा हुकुमासारखाच असतो, न पाळून सांगता कुणाला. तोही हसला असावा थोडा, कारण गाल ताणल्यासारखे वाटले, आणि त्या ताणलेल्या गालांचा त्याला इतका राग आला की छावणी ओलांडून आपल्या शेडपर्यंत येईतो तो स्वतःशीच पुटपुटत राहिला. गोधडी म्हणे! गोधडी शिवायला काय लागतं हे या माणसाला ठाऊक आहे का? जन्मात कधी सुईत दोरा ओवलाय याने? दोन वर्षं म्हणून घरातून उचलून आणलं. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, कागदावर तसं छापलेलं होतं, जांभळा शिक्का होता खाली. मग दोनाची अडीच झाली, तेव्हा कागदसुद्धा आला नाही, नुसतं सकाळच्या रांगेत वाचून दाखवलं, जसं उद्या पाणी अर्धा तास उशिरा येईल असं सांगावं. आणि या अडीच वर्षांत त्याने शत्रू म्हणून एक माणूस पाहिला नव्हता. पाहिल्या त्या पँटी. शेकड्यांनी पँटी, खालून चार बोटं आखूड करायच्या.

शेडच्या अर्ध्या भागात त्याचं टेबल, शिलाई मशीन आणि खिडकी. उरलेल्या अर्ध्यात न्हाव्याची खुर्ची नि आरसा. न्हावी त्याच्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, म्हणून तो त्याला दादा म्हणायचा. दादाच्या तोंडात कायम सिगारेट, आणि सिगारेट कायम विझलेली, त्यामुळे दिवसभर काड्या ओढणं चालू. जळक्या काड्या तो जमिनीवर कापलेल्या केसांत टाकायचा आणि संध्याकाळी सगळं एकत्र झाडून न्यायचा.

"तुझं आपलं बरंय मास्तर," दादा म्हणाला, "बटणांवर भागलं. उद्या साहेबाच्या मनात आलं की सगळ्यांची टकलं एकसारखी पाहिजेत, तर ज्यांना केस नाहीत त्यांना मी कुठून लावू?"

मास्तर हसला नाही. शर्ट येऊन पडायला लागले होते. डावीकडे उसवायचे, उजवीकडे उसवून झालेले, आणि मधे बटणं टाकायला रिकामा डबा अशी त्याने मांडामांड केली. प्रत्येक शर्टाच्या कॉलरच्या आत नंबर छापलेला असे, त्यामुळे कुणाचा कुठला हा घोळ व्हायचा नव्हता. आधी सगळ्यांची बटणं कापून काढायची, मग बसून एकजात लावत सुटायचं. काम करायची हीच रीत, यात वेळ वाचतो. त्याने ब्लेड घेतलं आणि पहिला शर्ट ओढला.

त्याचा स्वतःचा शर्ट वाचणार होता. ते त्याने रांगेतच ठरवून टाकलं होतं. त्याच्याकडे दोन शर्ट होते; दुसऱ्याची बटणं कारखान्यातून आली तशीच होती, खाकी नि सरळ. उद्या तो घालायचा, आणि हा — अंगावरचा — धुऊन, घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवायचा. मोठे साहेब काही ट्रंकेत डोकावणार नाहीत. येतील तसे जातील. एवढ्या मोठ्या छावणीत, एवढ्या मोठ्या सैन्यात, आपली एक गोष्ट आपण राखली... हा विचार त्याला बरा वाटला, चहासारखा.

ही बटणं तिने, बायकोने, लावली होती. मागच्या रजेच्या शेवटच्या दिवशी, त्याची बॅग भरून दाराशी आली होती तेव्हा, तिने शर्टाला नुसता हात लावला आणि तोंड वाकडं केलं. "ही कसली मेली बटणं लावलीत? आठ दिवसांत गळतील. काढा शर्ट." गाडीची वेळ होत आली होती. तो म्हणाला, अगं, राहू दे. ती म्हणाली, काढा म्हणते ना. खाकी दोरा दुकानात नव्हता, तपकिरी होता. आणि ती खिडकीशी जाऊन बसली, तिच्या नेहमीच्या जागी, नेहमीसारखी त्याच्याकडे पाठ करून, आणि तो बनियनवर उभा राहून घड्याळाकडे बघत राहिला. सातही बटणं. चुकलीच असती गाडी.

नेहमीच्या जागी... दुकान म्हणजे तरी काय, घराची पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला त्याचं कापायचं टेबल, खिडकीच्या बाजूला तिचं स्टूल, मधे चार पावलं. तो बेतायचा नि कापायचा, मशीन चालवायचा. काज-बटण, तुरपाई, हातशिलाई तिची. त्याचं तोंड रस्त्याकडे, कारण गिऱ्हाईक तिकडून यायचं. तिचं तोंड खिडकीकडे, कारण उजेड तिकडून यायचा. अकरा वर्षं पाठीला पाठ लावून संसार केला. त्याला तो संसार फार आवडायचा. मागून येणारा तिचा आवाज, दोरा दाताने तोडल्याचा बारीक आवाज, मधेच एखाद्या गिऱ्हाइकाची ती करायची ती नक्कल. तिच्या खोडीसुद्धा त्याला आता पाठ होत्या, इथे आल्यापासून तो त्या जपमाळेसारख्या ओढायचा: चहा बशीत ओतून निवला की परत कपात ओतणं. झोपेत त्याची बाही धरून ठेवणं. घरातल्या जळक्या काड्या गोळ्यांच्या एका जुन्या डबीत साठवणं — हे काय खूळ होतं कोण जाणे! एकदा साफसफाईत त्याने ती डबी चुलीत उपडी केली होती. "जळक्या काड्यांनी परत चूल पेटवणार आहेस की काय?" असं वर विचारलंही होतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, लागतात मला." आणि दुसऱ्या दिवसापासून डबी पुन्हा भरायला लागली. बायकांची खुळं! तो मनाशी हसला आणि ब्लेड चालवत राहिला.

पहिले दहाबारा शर्ट त्याने बघून बघून उसवले. बघायला नको होतं, पण शिंप्याचा डोळा आहे, टाका वाचल्याशिवाय कसा राहील? हे लाल दोऱ्याचं बटण कुणा म्हातारीने लावलं होतं, चष्म्याशिवाय, एका भोकात तीनदा सुई घालून. हे ज्याने लावलं त्याने स्वतःच लावलं होतं आणि बहुतेक शिव्या देत. हे एका लहान मुलीचं असणार, मागे गाठींचा नुसता डोंगर. या चाळीस शर्टांवर चाळीस घरं बसली होती, नि त्याने एकेक करून ती उठवायची. का? तर मोठ्या साहेबांच्या डोळ्यांना टोचू नयेत म्हणून. त्यांच्या घरी त्यांचं बटण कोण लावतं? नोकर लावत असेल. म्हणूनच.

लंबू आला. सहा फुटांचा गडी, पण दारातून येताना नेहमी असा वाकून यायचा, जणू ताठ आला तर दार अपमान करेल. त्याने आपला शर्ट ढिगावर ठेवला आणि तिथेच घुटमळला.

"मास्तर, कफाचं एक तेवढं राहू देता का? आईने लावलंय."

"आई बरी आहे ना?"

"नाही हो. मागच्या वर्षी गेली."

मास्तरने कफ हातात घेतला. पांढरा दोरा. दुरून दिसला असता, कॅप्टनला तर नक्कीच. त्याने कपातला उरलेला गार चहा बोटावर घेतला आणि टाक्यावर चोळला, पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. पांढरा दोरा मळकट पिवळा झाला, मग जवळजवळ खाकी. बाकीची बटणं उसवून त्याने तो शर्ट उजवीकडे सारला. लंबू बघत राहिला, आणि मान हलवून वाकून बाहेर गेला. मास्तरला तेव्हा स्वतःचा थोडा अभिमान वाटला, कशाला खोटं बोला. साहेब, तुमच्या नाकावर टिच्चून एक बटण वाचवलं. आठ. माझी सात धरून आठ.

उन्हं चढली तशी शेडचा पत्रा तापला. त्याने शर्ट काढून आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बनियनवर बसला. तेवढ्यात ऑफिसातला कारकून आला. हातात दोन कागद.

"मास्तर, तुझा रजेचा अर्ज परत आलाय."

"परत म्हणजे?"

"शेरा मारलाय बघ. 'कारण पुरेसे नाही.'"

त्याने कागद घेतला. त्याचंच अक्षर होतं, नीट, ओळीत, शिंप्याच्या मापांच्या वहीतलं असतं तसं. रजेचे दिवस: वीस. रजेचे कारण: पत्नीला भेटणे. आणि त्याच्यावरून तिरका लाल शेरा.

"पत्नीला भेटणे हे पुरेसं नाही?"

"तसं नाही रे," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ओरडता तरी आलं असतं. "भेटणे म्हणजे... सगळ्यांनाच भेटायचं असतं ना. घरात कोणी आजारी आहे का? बायको?"

"नाही."

"सासू? सासरे?"

"सगळे ठणठणीत आहेत."

"मग अवघड आहे." कारकुनाने दुसरा, कोरा अर्ज टेबलावर ठेवला. "हा घे. काहीतरी लिही ना बाबा. सगळे लिहितात. एकाने मागच्या महिन्यात तिसऱ्यांदा आजोबांना मारलं. संध्याकाळी सहाच्या आत आणून दे, मी वरच्या गठ्ठ्यात सरकवतो."

तो गेला. पलीकडून दादाने काडी ओढली, सिगारेट पेटवली, काडी खाली टाकली. "लिही की," तो म्हणाला. "ताप आलाय म्हणावं. तापाला कोण विचारतो."

"तिला कागदावर आजारी पाडू?"

"कागदावरच रे."

"नाही पाडणार!" तो इतक्या जोरात बोलला की खुर्चीवर केस कापायला बसलेला माणूस वळला आणि दादाचा वस्तरा हवेत थांबला.

नाही पाडणार. का पाडू मी? ती जिवंत आहे, धडधाकट आहे, कामाला वाघीण आहे, हेच तर कारण आहे! माणूस मेल्यावर भेटायला सोडतात, आजारी पडल्यावर सोडतात, आणि चांगला हिंडताफिरता असताना मात्र भेटायचं कारण पुरेसं होत नाही. म्हणजे यांच्या लेखी बायकोची किंमत कधी, तर ती जायला निघाली की. त्याने एक शर्ट ओढला, सरसर ब्लेड फिरवलं, टप टप टप बटणं डब्यात. आणि हे लिहिणारा कोण? ज्याची बायको बंगल्यात, त्याच्याच बाजूला, रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून त्याच्याबरोबर चहा पिते, तो कॅप्टन. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? टप टप. दुसरा शर्ट. आता तो टाके वाचत नव्हता, वाचायचं सोडूनच दिलं होतं त्याने. डावा हात ढिगातून शर्ट ओढत होता, उजवा कापत होता. हात शिंप्याचे होते, त्यांना डोळ्यांची गरज नव्हती आणि डोकं तर केव्हाचंच दुसरीकडे भांडत होतं.

आठ दिवसांपूर्वी तिचं पत्र आलं होतं. तेही या रागात येऊन मिसळलं. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, तिने लिहिलं होतं, साठ शर्ट. कापायला माणूस शोधला, मिळाला नाही. मग मीच कापले. पहिल्या शर्टाला कात्री अडखळली, दुसऱ्याला नाही. खडू तुम्ही कसा धरता ते आठवून धरला. खांद्याशी तुम्ही नेहमी अर्धं बोट जास्त सोडता, तेही सोडलं. खिडकीशेजारचा आरसा आहे ना, त्यात मला तुमचं टेबल सगळं दिसायचं. काळजी करू नका.

पत्र वाचून त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी खुपत राहिलं होतं, आणि ते काय हे त्याने नीट पाहिलं नव्हतं. त्याऐवजी तो सरळ कॅप्टनवर चिडला होता. बघा, यांच्यापायी माझ्या बायकोला कात्री उचलावी लागली! ती तर तक्रारच करत नव्हती. उलट एवढ्या झोकात लिहिलं होतं की अक्षरंसुद्धा ताठ बसली होती. मग काय खुपत होतं? साठ शर्ट तिने त्याच्याविना कापले, हे? गिऱ्हाइकांना तो कट आवडला, हे? इथे तर कपडे कारखान्यातून कापूनच येतात, इथे त्याची कात्री गंजत चालली आहे, तो इथे कुणाचा मास्तर आहे? बटणं लावणारा मास्तर! दुकानात असताना बटण लावणं हे त्याने कधी काम म्हणून मोजलंसुद्धा नव्हतं. इथे आल्यावर स्टोअरवाल्याने त्याला एका सकाळी ते शिकवलं, चार टाके सरळ, मागे गाठ, संपलं. आणि आता अडीच वर्षं तेच...

डावा हात ढिगात गेला आणि रिकामा परत आला. संपले शर्ट. दादा हातात झाडू घेऊन आला होता. जेवणाच्या सुट्टीआधी तो एकदा जमीन झाडायचा. केस, काड्या, आणि मास्तरच्या टेबलाखाली साठलेला सगळ्या रंगांच्या दोऱ्यांचा चुरा, सगळं त्याने एकत्र लोटलं आणि बाहेर नेऊन उकिरड्यावर टाकलं.

जेवणानंतर तो लावायला बसला. हे शांत काम होतं. डब्यातून बटण, खाकी दोरा, चार टाके, गाठ. सगळी बटणं एकसारखी, कुणाचं कुठलं हा प्रश्नच नाही. पंधरा शर्ट झाले, वीस झाले, पंचविसाच्या पुढे गेले. राग आता ओरडत नव्हता, नुसता बसून होता, दातांमधे. पुढचा शर्ट ओढला तर तो त्याला किंचित ओलसर लागला, पाठीत, घामाने. त्याने कॉलर उलटवली. नंबर वाचला. पुन्हा वाचला.

त्याने मागे खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर काही नव्हतं.

शर्ट तिथून घसरून ढिगावर पडला की त्यानेच कधीतरी उठताबसता ढिगावर टाकला, हे त्याला नंतर कितीही आठवून आठवलं नाही. आठवून उपयोगही नव्हता. पुढच्या पट्टीवर नि कफांवर मिळून सात जागी तपकिरी दोऱ्याचे दोन-तीन तंतू उभे होते, ब्लेड फिरलेल्या ठिकाणी असतात तसे, आणि दुसरं काही नाही. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. चांगलं काम होतं. कापणाऱ्याचा हात सराईत होता.

"दादा..."

दादाने येऊन बघितलं. त्याला त्या बटणांची गोष्ट माहीत होती, चौदा महिने ऐकत होता. त्याने तोंडातली विझलेली सिगारेट काढून हातात घेतली.

"हे त्यांनी केलं," मास्तर म्हणाला. "त्या हरामखोराने. सकाळी हुकूम दिला नसता तर—"

"हो रे बाबा, त्यांनीच केलं," दादा म्हणाला.

पण दादा इतक्या चटकन हो म्हणाला, लहान मुलाला म्हणतात तसं, की मास्तरलाच ते पटेना. हुकूम यांचा, शेरा यांचा, पण ब्लेड? साऱ्या छावणीत एकच माणूस होता ज्याला ही बटणं डोळे मिटून ओळखता आली असती, आणि नेमके त्याने डोळे मिटले होते. आपलेच दात नि आपलेच ओठ. लंबूचं बटण चहाने रंगवून वाचवलं आणि हे... त्याने बटणांच्या डब्यात हात घातला, खळखळ केला. त्यातली सात तिची होती. कुठली सात? बटणं तर सैन्याचीच होती. तिचा होता तो दोरा, आणि तो केसांबरोबर उकिरड्यावर गेला होता. दोऱ्याचा केवढासा तो चुरा, सापडणार आहे थोडाच!

मग त्याला वाटलं, लावून बघू. तपकिरी दोरा नाही, खाकीच असू दे. पण तिच्यासारखं लावून बघू, निदान एक. फुली पाडणं सोपं होतं, पाडली. बटण कापडाला सपाट चिकटून बसलं. मान कुठे आहे? त्याने टाके उसवले, दोरा जरा सैल ठेवून पुन्हा लावलं; आता ते एका बाजूला लोंबायला लागलं. पुन्हा उसवलं. पुन्हा सैल, पुन्हा वाकडं. कपाळावर घाम आला. वीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, कोट बेतणारा, आणि एक बटण उभं राहीना! ती हे कसं करायची? तीनशे-साडेतीनशे बटणं महिन्याला, अकरा वर्षं, चार पावलांवर... त्याने डोळे मिटले आणि ती डोळ्यांसमोर आणली. आली लगेच. वेणी, मानेवरचा तीळ, डावा खांदा किंचित वर, कोपर हलतंय. हात दिसेनात. हात पुढे होते, खिडकीच्या बाजूला. त्याला तिची पाठ दिसत होती, नुसती पाठ, केवढी तरी स्वच्छ.

दादा येऊन टेबलाच्या कडेला टेकला. त्याने आपलं नेहमीचं केलं, विझलेली सिगारेट पेटवली. काडी झटकून विझवली आणि मास्तरची झाडलेली जागा घाण करू नये म्हणून या वेळी जमिनीवर न टाकता टेबलावर ठेवली. बटणाशेजारी.

मास्तर काडीकडे बघत राहिला.

काळ्या टोकाची, बारीक, सरळ काडी. तिची जाडी... त्याने काडी उचलली. बटणाखाली सरकवली. बटणावरून, काडीवरून, कापडात. बटणावरून, काडीवरून, कापडात. फुली. मग काडी हळूच ओढून काढली. बटण वर आलं आणि त्याच्याखाली दोऱ्याचे चार मोकळे पाय दिसू लागले, सगळे एका उंचीचे.

अहो, लागतात मला.

आणि मी डबी चुलीत उपडी केली. वर विनोद केला. कशाला लागतात, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? ती आरशातून माझा खडू बघत होती, खांद्याशी सोडलेलं अर्धं बोट बघत होती — ते अर्धं बोट मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, मलाच नीट माहीत नव्हतं — आणि मी वळून एकदा... तेव्हा कुणाचा हुकूम होता? 'मागे वळून बघू नये' असा शिक्का मारलेला कागद कुठल्या कॅप्टनने धाडला होता?

"जमलं की रे!" दादा म्हणाला.

"नाही. वेढे द्यायचेत अजून."

त्याने सुई खालून वर काढली आणि त्या चार पायांभोवती दोरा फिरवला. एक. दोन. तीन... आणि थांबला. किती? मान किती जाड होती? अंगठ्याला ती माहीत होती, चौदा महिने रोज. पण अंगठ्याला मोजता येत नाही. तीन असतील. चारही असतील. पत्रात विचारता येईल. पत्र जायला बारा दिवस, यायला बारा, आणि मधे ऑफिसात कुणीतरी ते उघडून वाचणार नि हसणार. पण हा काय पत्रातून विचारायचा प्रश्न आहे! हा स्टूल सरकवून शेजारी बसून, खिडकीकडे तोंड करून, न विचारताच बघायचा प्रश्न. संताप पुन्हा उसळला, सकाळचाच, त्याच ताकदीचा. तो संताप कॅप्टनच्या ऑफिसापर्यंत जायचा, पण तिथे आता त्याला बसायला जागा मिळेना. तिथून तो उलटा फिरायचा आणि घराच्या त्या पुढच्या खोलीत यायचा, आणि एका पाठीपाशी येऊन उभा राहायचा.

टेबलाच्या कोपऱ्यावर कोरा अर्ज होता. सहाला अजून पाऊण तास होता, उन्हं खिडकीच्या चौकटीवर आली होती. 'रजेचे कारण' या शब्दांपुढे दीड ओळीची जागा. तिथे ताप लिहिता आला असता. 'पत्नीला भेटणे' असं पुन्हा लिहिता आलं असतं. सकाळपर्यंत त्याला ते कारण केवढं भरभक्कम वाटत होतं, आणि ते न वाचता येणारे सगळे गाढव. आता त्याने ते शब्द नुसते मनात म्हणून पाहिले तर ते त्याला कुणाही शंभर माणसांनी लिहावेत तसे वाटले. खरं कारण दीड ओळीत मावलं असतं, पण ते वाचून अख्खं ऑफिस पोट धरून हसलं असतं. हसू दे. त्याने कानामागची पेन्सिल काढली. डाव्या हाताच्या चिमटीत सुईतला दोरा ताणून धरलेला होता, तो सोडला तर तिसरा वेढा सुटला असता. म्हणून तो तसाच बसून राहिला, एका हातात दोरा, एका हातात पेन्सिल, आणि मनाशी म्हणत राहिला — तीन की चार, अगं, तीन की चार.